भंडारदऱ्याच्या काठावर दोन रात्री, दुखरा गुडघा सोबत घेऊन

तलावाकाठच्या तंबूंच्या कॅम्पला बुकिंगसाठी फोन केला तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "झोपायला पलंग आहे की जमिनीवर गादी? आणि पलंग असेल तर किती उंच?" पलीकडच्या बाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "थांबा हं मावशी, मोजून सांगते." पाच मिनिटांत खरंच त्यांचा फोन आला. अठरा इंच. मी तिथंच जायचं नक्की केलं.

माझं वय ६७. चौतीस वर्षं वॉर्डात उभ्यानं नोकरी केली, स्टाफ नर्स म्हणून लागले आणि सिस्टर इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. उजव्या गुडघ्याची झीज नऊ वर्षांपासूनची, कंबर त्याच्याही आधीपासूनची. सोबतीला माझ्या मोठ्या जाऊबाई होत्या. त्या ७२ वर्षांच्या आहेत, जुना मधुमेह आहे आणि डावा खांदा जखडलेला आहे. मधुमेह असलेल्यांचा खांदा असा धरतो, हे नोकरीत कितीतरी वेळा पाहिलेलं. आम्ही दोघी नाशिकच्या. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गुरुवारी गेलो आणि शनिवारी दुपारी परत आलो.

कॅम्पचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आठच तंबूंची जागा आहे आणि काही तक्रारीही लिहिणार आहे, ज्या मालकीणबाईंना तोंडावर सांगून झाल्या आहेत. आपल्या वयाच्या माणसांनी कुठल्याही कॅम्पला जायच्या आधी काय काय विचारावं, ते यातून कळलं तरी पुष्कळ झालं.

नाशिकहून घोटीमार्गे शेंडी, तिथून पुढं तलावाच्या कडेनं थोडं. थांबत थांबत गेलं तर अडीच तास धरा. थांबत थांबतच जा. गुडघा एकाच कोनात दीड तास राहिला की उतरताना तो आपला राहत नाही. आम्ही दर पाऊण तासानं गाडी बाजूला घ्यायला लावत होतो.

पोचल्यावर चहाच्या आधी मी संडास कुठं आहे ते पाहिलं, आणि त्याचा मैला कुठं जातो ते विचारलं. जुनी सवय. पण इथं त्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं, साधारण अकरा टीएमसीचं. हेच पाणी खाली अकोले, संगमनेरपासून पुढं कितीतरी गावांना जातं, शेतीलाही आणि प्यायलाही. पावसाळा संपला की पाणी हळूहळू उतरत जातं आणि काठाची जमीन उघडी पडते. त्या बुडीत जमिनीवर, अगदी पाण्याच्या तोंडाशी, तंबू ठोकले की फोटो सुंदर येतात. पण तिथं खणलेला शोषखड्डा पुढच्या ऑगस्टमध्ये पाण्याखाली असतो. त्यातलं सगळं धरणात.

हा कॅम्प भरल्या धरणाच्या पाण्याच्या रेषेच्या वर आहे, घरच्या मालकीच्या वरकस जमिनीवर. पाणी तंबूतून दिसतं, पण काठापर्यंत उतरायला माझ्या पावलांनी बारा मिनिटं लागली. संडास दोन खड्ड्यांचे. एक भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा, आणि बंद केलेला वर्षभराहून जास्त तसाच ठेवून मग त्याचं खत काढायचं. बंद खड्ड्याच्या झाकणावर गेल्या वर्षाची तारीख रंगवलेली होती, ती मी वाचली. अंघोळीचं पाणी केळीच्या आळ्यात जातं. साबण त्यांचाच वापरावा लागतो, आपला शाम्पू पिशवीतच ठेवायचा. मला हे सगळं पटलं. 'इको' हा शब्द पाटीवर कुणीही लिहितं, खड्ड्यावर तारीख लिहिणारे कमी असतात.

कमोड आहे. दोन संडासांत कमोड, एकात भारतीय पद्धतीचं भांडं. कमोडच्या दोन्ही बाजूंना भिंतीत धरायला दांडे आहेत, बांबूचे, जाड, आणि मी सगळा भार टाकून ओढून पाहिले. हलले नाहीत.

आता तंबू. दगडमातीच्या जोत्यावर आहे, पायरी एकच आणि ती सहा इंचांची. आत राजूरच्या सुताराकडून करून घेतलेले दोन पलंग, त्यावर कापसाची घट्ट गादी आणि वर गोधडी. फोमच्या मऊ गादीत कंबर रुतून बसते आणि कुशीवर वळताना जीव जातो, म्हणून मला ही कापसाची गादी फार आवडली. अठरा इंच उंचीवरून पाय जमिनीला टेकवून, हाताचा आधार न घेता मी उठू शकले. गुडघेदुखीच्या माणसाचा दिवस कसा जाणार हे बरंचसं त्या पहिल्या उठण्यावर ठरतं.

दोष सांगते. तंबूच्या दाराची चेन अगदी खालपर्यंत जाते, आणि ती उघडायला रात्री वाकावं लागतं. तेही झोपेतून उठून, ताठरलेल्या कमरेनं. मी दुसऱ्या दिवशी चेनच्या टोकाला माझ्या ओढणीची पट्टी बांधली, हातभर लांब. उभ्या उभ्या ओढता आली. मालकीणबाईंनी ती पाहिली आणि संध्याकाळपर्यंत आठही तंबूंना सुतळी बांधून टाकली.

दुसरा दोष मोठा. तंबूपासून संडासापर्यंत माझी सत्तर पावलं, आणि वाट उताराची. कठडा आहे, पण एकाच बाजूला, जाताना उजव्या हाताला. माझा दुखरा गुडघा उजवा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, म्हणजे माझी डाव्या हातात, तेव्हा उजव्या हाताला कठडा हे जाताना उत्तम. पण परत येताना तोच कठडा डावीकडं येतो, काठी ज्या हातात आहे त्याच हाताला, आणि उजवा हात मोकळाच राहतो. डाव्या खांद्याच्या माझ्या जाऊबाईंना तर येताना त्याचा काहीच उपयोग नव्हता. त्यांनी माझा दंड धरला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, चढताना चांगला पाय आधी टाका आणि उतरताना दुखरा आधी. एवढं जरी पाठ केलं तरी पायऱ्यांची भीती अर्धी होते.

वाटेवर सोलरचे छोटे दिवे आहेत. रात्री साडेनऊनंतर कॅम्पमध्ये दुसरा उजेड नाही, स्पीकर नाही, आणि आभाळ असं दिसतं की जाऊबाई गोधडी पांघरून अर्धा तास बाहेर खुर्चीवर बसून होत्या. पण शुक्रवारी पहाटे तीनला मी उठले तर सातपैकी तीन दिवे विझलेले. हिवाळ्यात दिवस लहान, दिवे पुरते चार्ज होत नसावेत. आपल्या वयात रात्री एकदा तरी उठावं लागतं, आणि पडून खुब्याचं हाड मोडलेली माणसं मी आयुष्यभर उचलली आहेत. त्यातली बरीच संडासाच्या वाटेवरच पडलेली असत. काजवे, किडे, आभाळ यांच्यासाठी अंधार ठेवा, मी त्याच्या बाजूची आहे. पण वाटेवर घोट्याच्या उंचीला, खाली तोंड केलेला पिवळा मंद दिवा रात्रभर हवाच. तोवर गळ्यात अडकवायचा टॉर्च घेऊन जा, म्हणजे हात मोकळे राहतात.

आता ज्यासाठी आम्ही गेलो ते. हा कॅम्प 'ज्येष्ठांसाठी स्ट्रेचिंग' असं सांगून आठवड्यात तीन दिवस, शुक्रवार ते रविवार, नाशिकहून फिजिओथेरपिस्ट बोलावतो. गुरुवारी त्या नसतात, हे फोनवर सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्याऐवजी गुरुवारी संध्याकाळी गावातल्याच एका उत्साही मुलानं आमचा वर्ग घेतला. आम्ही सहाजण, सगळे साठीच्या पुढचे. त्यानं आल्या आल्या सतरंजीवर पाय पसरून बसवलं आणि अंगठे पकडायला सांगितलं, थंड्या अंगानं. एका आजोबांचे हात नडगीपर्यंतच जात होते, तर हा मागून पाठीवर तळवे ठेवून दाबायला लागला. मी ओरडलेच, "थांब बाळा, हात काढ आधी!"

तो घाबरला. मी त्याला शेजारी बसवून समजावलं. या वयात हाडं ठिसूळ असू शकतात आणि ती आहेत हे त्या माणसालाही माहीत नसतं. पाठ गोल करून पुढं वाकवलेल्या मणक्यावर वरून भार दिला तर मणका दबून मोडू शकतो. दुसऱ्यानं दाबून ताण कधीच द्यायचा नाही, झटके द्यायचे नाहीत, श्वास कोंडायचा नाही. मुलगा गुणी होता, वहीत लिहून घेतलं. पण चूक त्याची नाही, त्याला एकट्याला आमच्यापुढं उभं करणाऱ्यांची आहे, आणि हे मी मालकीणबाईंना त्याच रात्री सांगितलं. आता गुरुवारी फक्त चालणं आणि गप्पा ठेवतो म्हणाल्या.

शुक्रवारची सकाळ मात्र मी विसरणार नाही. फिजिओ आल्या, वय असेल तीस-बत्तीस. थंडी कडाक्याची होती, तलावावर धुकं. त्यांनी आधी गवती चहा पाजला, मग दहा मिनिटं अंगणात फेऱ्या मारायला लावल्या आणि ऊन अंगावर आल्यावर सुरुवात केली. माझा गुडघा सकाळी वीसेक मिनिटं ताठ असतो, झिजेच्या संधिवातात साधारण तो अर्ध्या तासाच्या आतच मोकळा होतो. तेवढा वेळ त्यांनी बरोबर जाऊ दिला.

पहिलं काम म्हणजे खुर्चीतून हात न लावता पाच वेळा उठ-बस. प्रत्येकाची वेळ घड्याळावर मोजून लिहून ठेवली. मला सोळा सेकंद लागली. जाऊबाईंना हात लावल्याशिवाय तिसऱ्यांदा उठता आलं नाही. मग प्रत्येकाची औषधं विचारली, ऑपरेशनं विचारली, चक्कर येते का विचारलं. माझा विश्वास तिथं बसला.

पोटरीचा ताण जांभळाच्या झाडाला हात टेकून. एक पाय मागं, टाच जमिनीला घट्ट, गुडघा सरळ, आणि पुढं झुकायचं. मांडीमागच्या शिरेसाठी आपापल्या पलंगावर उताणं झोपून, तळव्यात पंचा अडकवून पाय वर घ्यायचा. खुब्याच्या पुढच्या स्नायूसाठी पलंगाच्या कडेला झोपून एक पाय खाली सोडायचा. तीनच ताण. प्रत्येक ताण तरुणांना तीस सेकंद पुरतो, ज्येष्ठांना तीस ते साठ सेकंद धरला तर जास्त फायदा होतो, हे त्यांनी सांगितलं आणि ते बरोबर आहे. त्या मोठ्यानं आकडे मोजत नव्हत्या. "सहा श्वास," म्हणायच्या, "सावकाश." त्यामुळं कुणी श्वास कोंडला नाही. ताण जाणवला पाहिजे, कळ आली की थोडं मागं.

एक गोष्ट त्यांनी खरी सांगितली, जी फार कमी ठिकाणी सांगतात. ताण दिल्यानं झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत अस्तर, परत येत नाही. स्नायूही लगेच रबरासारखा लांब होत नाही, सुरुवातीला जो फरक वाटतो तो बराचसा शरीराला ताण सोसायची सवय झाल्याचा असतो. पण दुखऱ्या सांध्याभोवतीचे स्नायू त्याला जपायला म्हणून आवळून बसतात, गुडघा पुरता सरळ होत नाही, वाकलेल्या गुडघ्यानं चालत राहिलं की मांडी लवकर थकते आणि दुखणं वाढतं. ते आवळणं सुटलं तर चालणं सोपं होतं. आणि नुसत्या ताणानं भागत नाही, स्नायूत जोरही यावा लागतो. म्हणून रोज उठ-बस, आणि टेबलाला धरून एका पायावर उभं राहणं. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलेलं आहेच.

हे सगळं इतकं सरळ सांगणाऱ्या बाई तिथं असताना कॅम्पच्या व्हॉट्सअॅपवरच्या पत्रकात मात्र 'दोन दिवसांत सांधेदुखीपासून मुक्ती' असं छापलेलं होतं. मला त्याचा फार राग आला. तीन महिन्यांहून जुनं दुखणं दोन दिवसांत जात नसतं. अशी ओळ वाचून कुणीतरी गोळ्या बंद करून येईल. ज्याला पायात नव्यानं बधिरपणा आलाय किंवा लघवीवरचा ताबा गेलाय असा माणूस डॉक्टरकडं जायचं सोडून तलावाकाठी येईल. मालकीणबाईंनी माझ्यासमोर ती ओळ काढली. तिच्या जागी काय लिहू विचारलं तर मी म्हटलं, पलंगाची उंची लिहा.

जाऊबाईंच्या खांद्याचं सांगायचं राहिलं. जेवणघराची भिंत कारवीच्या कुडाची, शेणानं सारवलेली. फिजिओंनी त्यांना भिंतीसमोर उभं केलं आणि डाव्या हाताची बोटं मुंग्यांसारखी भिंतीवरून वर चढवायला सांगितली. जिथं बोटं थांबली तिथं चुलीतल्या कोळशानं रेघ ओढली. शुक्रवारी सकाळची रेघ कपाळाच्या उंचीला. शनिवारी शेक घेऊन, ऊन खाऊन केलं तेव्हा बोटं तिच्यावर दोन पेरं गेली. जाऊबाईंचे डोळे भरून आले. मला ठाऊक होतं की हा उबेचा परिणाम आहे, जखडलेला खांदा सुटायला महिने जातात, वर्षही जातं. फिजिओंनीही त्यांना तसंच सांगितलं. पण सहा महिन्यांत त्यांचा हात त्यांनी स्वतःहून एवढा वर नेला नव्हता, आम्ही केसांना तेल लावून देत होतो.

शनिवारी जमिनीवरून उठायला शिकवलं. पडल्यावर घाबरून हात-पाय मारत राहायचं नाही. आधी पडून राहायचं, कुठं लागलंय ते पाहायचं, मग कुशीवर, कोपरावर, मग गुडघ्या-हातांवर, रांगत खुर्चीपर्यंत, आणि चांगला पाय पुढं टाकून वर. गुडघ्याखाली चौघडी करून गोधडी. प्रत्येकानं करून पाहिलं. गुरुवारचा वर्ग सोडला तर मी सतरंजीवर मुद्दाम बसण्याला चार वर्षं झाली होती. उठले तेव्हा घाम फुटला होता, पण उठले.

जेवणाबद्दल थोडक्यात. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, हुलग्याचे शेंगोळे, काळभात, वालाची उसळ. सगळं घरच्या शेतातलं किंवा शेजारच्या वाडीतलं. वाल आणि घेवड्याचं बी मालकीणबाई राखेत घालून मडक्यात ठेवतात. हा अकोले तालुका बीजमाता राहीबाई पोपेरेंचा, कोंभाळणे गाव याच तालुक्यात, २०२० ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हापासून इथल्या बायका आपली मडकी पाहुण्यांना हौसेनं दाखवतात. मधुमेह आहे म्हटल्यावर भात कमी आणि उसळ जास्त वाढली, न सांगता. पाणी माठातलं, तांब्या-भांड्यानं प्यायचं, प्लास्टिकची बाटली एकही नाही. टेबल-खुर्ची मागितली की मिळते.

गरम पाणी मात्र कमी पडलं. सोलर हीटर एकच, आणि सकाळी तो कोमट. बंब पेटवतात, पण लाकूड कुंपणाच्या छाटणीचंच वापरतात, अभयारण्यातलं आणत नाहीत, म्हणून माणशी एक बादली. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. पण दुखऱ्या कमरेला शेकाची पिशवी भरायला वेगळं पाणी द्या, एवढं सुचवलं. दुसऱ्या दिवशी न मागता दोन पिशव्या भरून आल्या.

दर माणशी एका रात्रीचे २,४०० रुपये, शनिवारी मुक्काम केला तर ३,०००. दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा आणि व्यायाम त्यातच. आठ तंबूंवर चालणाऱ्या घराला, फिजिओंचा येण्याजाण्याचा खर्च धरून, हे जास्त वाटलं नाही. स्वयंपाकाला गावातल्या तीन बायका आहेत, त्यांना रोजची मजुरी मिळते हे त्यांच्याच तोंडून ऐकलं. मे अखेर ते जूनमध्ये काजव्यांच्या दिवसांत जाऊ नका. तेव्हा रस्त्याला गाड्यांची रांग लागते, आणि अंधारात त्या गर्दीत आपल्या वयाच्या माणसानं चालू नये. पावसाळ्यात ते स्वतःच तंबू काढून ठेवतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम, शुक्रवारी पोचा. थंडीसाठी पायमोजे, कानटोपी, रबरी तळाचे बंद बूट, काठीचं रबर झिजलं असेल तर बदलून घ्या. मोबाइलची रेंज तुटक आहे, त्यामुळं औषधांची यादी कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. जवळचं इस्पितळ कुठलं, आणि रात्री गाडी कोण काढणार, हे मी पोचल्यावर विचारलं. मालकीणबाईंचे दीर, गाडी दारातच उभी असते. हेही आधी विचारा.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. माझी उठ-बस सोळावरून चौदा सेकंदांवर आली आहे. गुडघा दुखतोच, पण जिना उतरताना मी आता मध्ये थांबत नाही. जाऊबाईंनी स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या भिंतीवर पेन्सिलनं रेघा ओढायला सुरुवात केली आहे, तारखेसकट. गेल्या मंगळवारी कॅम्पवरून फोन आला, वाटेला दुसऱ्या बाजूचाही कठडा बसवला म्हणून. उंची किती ठेवू ते विचारायला तो फोन आधीच करायला हवा होता, मी म्हटलं. मनगटाच्या रेषेला हवा, हात खाली सोडून उभं राहिल्यावर. त्यांनी फोन चालू ठेवूनच माप घेतलं. चार इंच जास्त निघाला, कापून घेतो म्हणाल्या.

नोव्हेंबरचं बुकिंग त्याच फोनवर केलं. संडासाच्या सगळ्यांत जवळचा तंबू दोन नंबरचा आहे, तो मागून घ्या.